न्यूट्रॉनच्या नजरेतून मुळाभोवतीचा ओलावा : मोजणी अचूक कशी होते?



पिकाला पाणी केव्हा द्यायचे, हे आपण जमीन पाहून ठरवतो. मूठभर माती उकरून दाबून बघतो, गोळा होतो का ते पाहतो. पण मूळ ज्या मातीतून पाणी ओढते, ती माती मुळाला अगदी खेटून असते. तिची जाडी एक-दोन मिलिमीटर. तिथे हात पोचत नाही, आणि मूळ उपटले की ती मातीच विस्कटते. त्या पातळ थरात ओलावा किती असतो, हे मूळ न हलवता पाहण्याची एक पद्धत शास्त्रज्ञांनी विकसित केली आहे. तिला न्यूट्रॉन प्रतिमाचित्रण म्हणतात. ही पद्धत काय आहे, तिच्यात चुका कोठे शिरतात, त्या कशा काढतात आणि त्यातून आपल्या शेतावरील ओलाव्याच्या मोजणीसाठी काय शिकता येते, हे या लेखात पाहू.

न्यूट्रॉन पाणी कसे ओळखतो?

न्यूट्रॉन हा अणूच्या केंद्रातील एक कण आहे. त्याच्यावर विद्युतभार नसतो. १९३२ मध्ये इंग्लंडमधील जेम्स चॅडविक यांनी त्याचा शोध लावला. भार नसल्यामुळे तो बऱ्याच पदार्थांतून सहज आरपार जातो. अडतो तो मुख्यतः हायड्रोजनला, आणि पाण्यात हायड्रोजन भरपूर असतो.

हे समजण्यासाठी गोट्यांचा खेळ आठवा. गोटी मोठ्या दगडावर आपटली तर तेवढ्याच वेगाने मागे उडते. पण तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या गोटीवर आपटली तर तिचा वेग त्या गोटीला जातो. न्यूट्रॉन आणि हायड्रोजनचा गाभा यांचे वजन जवळजवळ सारखे आहे. त्यामुळे वेगवान न्यूट्रॉन पाण्यात लवकर मंद होतो. मंद झालेला न्यूट्रॉनही हायड्रोजनवर आपटून सहज बाजूला फेकला जातो.

दवाखान्यातील क्ष-किरणांचे याच्या उलट असते. क्ष-किरण शिशाला अडतात, पाण्यातून बरेचसे निघून जातात. मंद न्यूट्रॉन मात्र एक सें.मी. जाडीच्या शिशातून सुमारे ७० टक्के पार होतात, आणि तेवढ्याच जाडीच्या पाण्यातून फक्त ३ टक्क्यांच्या आसपास. कोरडी वाळू आणि ॲल्युमिनियम त्यांना फारसे अडवत नाहीत. म्हणूनच ॲल्युमिनियमच्या चपट्या डब्यात माती भरून त्यात रोप वाढवले आणि त्यावर न्यूट्रॉनची शलाका सोडली, तर मागच्या पडद्यावर मुळे आणि ओली माती काळसर, तर कोरडी माती उजळ दिसते. पडद्यावर न्यूट्रॉन पडला की प्रकाशाचा ठिपका उमटतो आणि कॅमेरा त्याची नोंद घेतो.

अशी शलाका मिळवण्यासाठी अणुभट्टी किंवा मोठे त्वरक यंत्र लागते. स्वित्झर्लंडमधील व्हिलिगेन येथे पॉल शेरर संशोधन संस्थेत प्रोटॉनचा झोत शिशाच्या लक्ष्यावर आदळवून न्यूट्रॉन मिळवतात. आपल्याकडे मुंबईजवळ तुर्भे येथे १९५६ मध्ये 'अप्सरा' ही पहिली अणुभट्टी सुरू झाली. तेथेच १९८५ साली सुरू झालेल्या 'ध्रुव' अणुभट्टीवर न्यूट्रॉन प्रतिमांची सोय उभारण्यात आली आहे. तमिळनाडूतील कल्पाक्कम येथील 'कामिनी' ही लहान अणुभट्टीही याच प्रकारच्या कामासाठी वापरली जाते. काँक्रीटमध्ये पाणी कसे मुरते, इंधन-घटात पाणी कोठे साचते, धातूच्या भागांत दोष आहे का, हे तपासायलाही हीच पद्धत उपयोगी पडते.

चित्रावरून आकडा कसा काढतात?

चित्रात काळे-पांढरे दिसणे वेगळे आणि 'येथे ३० टक्के ओलावा आहे' असे सांगणे वेगळे. आकडा काढण्याचा नियम सोपा आहे. पाण्याचा प्रत्येक मिलिमीटर थर समोर आलेल्या न्यूट्रॉनपैकी सुमारे ३० टक्के कमी करतो. म्हणजे १०० न्यूट्रॉन आले तर १ मि.मी. पाण्यानंतर ७०, २ मि.मी. नंतर सुमारे ५०, ३ मि.मी. नंतर ३५ आणि १० मि.मी. नंतर ३ उरतात. शलाकेच्या प्रकारानुसार हे आकडे थोडे बदलतात, पण हिशेबाची रीत तीच.

समजा, आतून १ सें.मी. रुंद डब्यात कोरडी माती आहे. चित्राच्या एका ठिपक्यावर ६,००० न्यूट्रॉनची नोंद झाली. माती ओली केल्यावर त्याच ठिपक्यावर २,१०० नोंद झाली. म्हणजे ३५ टक्के उरले. याचा अर्थ त्या जागी पाण्याचा थर ३ मि.मी. एवढा आहे. १० मि.मी. मातीत ३ मि.मी. पाणी, म्हणजे आकारमानाने ३० टक्के ओलावा.

येथे कोरड्या मातीचे चित्र आधी घेणे का गरजेचे आहे, हे लक्षात आले असेल. डबा, माती आणि मातीतील सेंद्रिय पदार्थ हेही थोडे न्यूट्रॉन अडवतात. त्यांचा हिस्सा कोरड्या चित्रातून कळतो आणि तो वजा होतो.

चुका दोन प्रकारच्या असतात

पहिली चूक मोजणीच्या चढउताराची. न्यूट्रॉन पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. १०० न्यूट्रॉन मोजले तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के. १०,००० मोजले तर १०० चा, म्हणजे केवळ १ टक्का. मोजणी चौपट केली की चूक निम्मी होते. वरील उदाहरणात २,१०० नोंदींमागे ४६ चा चढउतार येतो. त्यामुळे ओलाव्याच्या आकड्यात अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त फरक पडतो. ही चूक जास्त वेळ मोजल्याने कमी होते.

दुसरी चूक कायम एकाच बाजूला झुकलेली असते. तराजूच्या एका पारड्याला चिखल चिकटलेला असेल तर दहा वेळा वजन केले तरी दहाही वेळा तोच चुकीचा आकडा येतो. उलट, दर वेळी सारखाच आकडा आल्यामुळे आपला विश्वास वाढतो. न्यूट्रॉन मोजणीतील सर्वांत त्रासदायक चूक या प्रकारची आहे.

विखुरलेल्या न्यूट्रॉनचा घोटाळा

पाण्यावर आपटलेला न्यूट्रॉन नाहीसा होत नाही, तो दिशा बदलतो. अशा भरकटलेल्या न्यूट्रॉनपैकी काही पुन्हा पडद्यावरच येऊन पडतात. पडद्याला मात्र सरळ आलेला न्यूट्रॉन कोणता आणि भरकटून आलेला कोणता, हे कळत नाही. तो दोन्ही मोजतो. त्यामुळे 'पार झालेले' न्यूट्रॉन जास्त वाटतात आणि पाणी आहे त्यापेक्षा कमी दिसते.

आपलेच उदाहरण घेऊ. सरळ आलेले २,१०० आणि भरकटलेले ३००, मिळून २,४०० नोंद झाली. म्हणजे ४० टक्के उरल्याचे दिसले. हिशेबाने पाणी २.६ मि.मी. येते, म्हणजे ओलावा ३० ऐवजी २६ टक्के.

ही ४ टक्क्यांची चूक किती मोठी? समजा, हाच आकडा शेतातील ६० सें.मी. खोलीच्या मुळांच्या थराला लावला. ३० टक्के म्हणजे १८० मि.मी. पाणी, २६ टक्के म्हणजे १५६ मि.मी. फरक २४ मि.मी. एका हेक्टरवर तो २ लाख ४० हजार लिटर होतो, एकरी सुमारे ९७ हजार लिटर. म्हणजे जमिनीत असलेले एवढे पाणी 'नाही' असे समजून आपण विहिरीतून पुन्हा उपसणार.

माती जेवढी ओली तेवढी ही चूक वाढते. पाण्याचा थर १० मि.मी. असेल तर सरळ येणारे न्यूट्रॉन फक्त १८० उरतात. भरकटलेले ३०० च राहिले असे धरले, तरी एकूण नोंद ४८० होते आणि १० मि.मी. पाणी ७.२ मि.मी. एवढेच दिसते. खरे मोजमाप परक्या नोंदींखाली दडून जाते. म्हणूनच नमुन्याची जाडी कमी ठेवतात.

चूक काढण्याचे उपाय

१) तीन संदर्भ चित्रे : पहिले चित्र शलाका बंद ठेवून घेतात. त्यातून कॅमेऱ्याची स्वतःची नोंद कळते. दुसरे चित्र नमुना न ठेवता, मोकळ्या शलाकेचे. शलाका सर्वत्र सारखी नसते, तिचा तो कमीजास्तपणा यातून कळतो. तिसरे कोरड्या नमुन्याचे. ही तिन्ही नसतील तर ओल्या नमुन्याच्या चित्राला अर्थ नाही.

२) शलाकेच्या चढउताराची दुरुस्ती : दोन चित्रांच्या दरम्यान शलाका कमीजास्त होऊ शकते. चित्राचा एक कोपरा मोकळा ठेवून त्याची नोंद दर वेळी तपासतात आणि त्या प्रमाणात सर्व आकडे सुधारतात.

३) काळ्या ठिपक्यांची जाळी : भर दुपारी छत्री उघडली तरी छत्रीखाली पूर्ण अंधार होत नाही. तिथे दिसणारा उजेड सूर्याकडून सरळ आलेला नसून आजूबाजूने आलेला असतो. हीच युक्ती येथे वापरतात. न्यूट्रॉन पूर्णपणे शोषून घेणाऱ्या पदार्थाचे, उदाहरणार्थ बोरॉन किंवा गॅडोलिनियम असलेल्या पदार्थाचे, बारीक तुकडे जाळीसारखे नमुन्यासमोर मांडतात. त्यांच्या बरोबर मागे सरळ न्यूट्रॉन पोचूच शकत नाही. तरीही तिथे नोंद दिसली तर ती भरकटलेल्या न्यूट्रॉनची. अशा अनेक ठिपक्यांवरून संपूर्ण चित्रातील परक्या नोंदींचा अंदाज बांधून त्या वजा करतात. व्हिलिगेन येथील संशोधकांनी ही पद्धत व्यवस्थित बसवून २०१८ मध्ये प्रसिद्ध केली.

४) नमुना आणि पडदा यांतील अंतर : नमुना पडद्यापासून दूर नेला तर भरकटलेले न्यूट्रॉन इतरत्र पांगतात आणि चूक घटते. पण मग चित्राच्या कडा पुसट होतात. शलाकेचे छिद्र २ सें.मी. आणि तेथून नमुन्याचे अंतर ७ मीटर असेल, तर पडद्यापासून ३.५ सें.मी. दूर ठेवलेल्या मुळाची कड ०.१ मि.मी. पसरते. तेच १०.५ सें.मी. दूर ठेवले तर ०.३ मि.मी. एक चूक कमी करताना दुसरी वाढते. म्हणून मोजायचे काय आहे, ते आधी ठरवून मगच अंतर ठरवावे लागते.

५) माहीत असलेल्या पाण्यावर तपासणी : शलाकेतील सर्व न्यूट्रॉन एकाच वेगाचे नसतात. मंद न्यूट्रॉन पाण्यात आधी अडतात, वेगवान पुढे जातात. त्यामुळे जाड थरातील शेवटचा मिलिमीटर पहिल्या मिलिमीटरएवढे न्यूट्रॉन अडवत नाही. यावर उपाय म्हणजे १, २, ३, ४, ५ मि.मी. अशा पायऱ्यांचे पाण्याचे भांडे करून प्रत्येक पायरीची नोंद घेणे. पुढचे सर्व आकडे त्या पायऱ्यांशी ताडून पाहतात. यालाच प्रमाणीकरण म्हणतात.

मुळाजवळ माती ओली की कोरडी?

एवढी खटपट कशासाठी, असा प्रश्न मनात येईल. मूळ पाणी ओढते, तेव्हा मुळालगतची माती सर्वांत आधी कोरडी पडत असणार, असे सर्वसाधारणपणे धरले जात होते. २०१० मध्ये ल्युपिन या द्विदल पिकावर न्यूट्रॉन प्रतिमांच्या साहाय्याने झालेल्या कामात उलटे दिसले. माती वाळत असताना मुळालगतचा पातळ थर बाजूच्या मातीपेक्षा ओला होता. २०११ मध्ये हरभरा, पांढरा ल्युपिन आणि मका या तिन्ही पिकांच्या मुळांभोवती वाळूमिश्रित जमिनीत असेच आढळून आले.

येथे अचूकतेचा प्रश्न उभा राहतो. मुळात पाण्याचे प्रमाण खूप असते. चित्रात मुळाची कड पुसट झाली तर मुळातले पाणी शेजारच्या मातीत सांडल्यासारखे दिसेल आणि नसलेला ओला थर 'सापडेल'. तेव्हा हा थर खरा की चित्राचा दोष? कडा किती पसरतात ते मोजून ओला थर त्यापेक्षा रुंद आहे का, हे पाहणे ही एक तपासणी. याहून बोलका पुरावा पाणी दिल्यानंतर मिळाला. पूर्ण वाळलेल्या मातीला पुन्हा पाणी दिल्यावर बाजूची माती भिजली, पण मुळालगतचा तोच थर काही काळ कोरडाच राहिला. ओल्या मुळाची पुसट कड कोरडा थर दाखवू शकत नाही. म्हणजे त्या थरातील मातीचा गुणच वेगळा होता.

याचे कारण मुळातून स्रवणारा बुळबुळीत द्राव असल्याचे मानले जाते. सब्जाचे बी पाण्यात टाकले की भोवती जो चिकट थर येतो, त्यासारखा हा द्राव असतो. तो पाणी धरून ठेवतो, पण एकदा कडक वाळला की सहजासहजी भिजत नाही.

पुढे २०१३ मध्ये याच पद्धतीत जड पाणी वापरून मूळ पाणी नेमके कोठून घेते हे पाहण्यात आले. जड पाण्यातील हायड्रोजन वेगळ्या प्रकारचा असल्याने तो न्यूट्रॉनला कमी अडवतो. त्यामुळे साधे पाणी आणि नव्याने मुळात शिरणारे जड पाणी चित्रात वेगळे ओळखू येते. ल्युपिनमध्ये पाण्याचे शोषण प्रामुख्याने बाजूच्या उपमुळांनी केले, सोटमुळाने मुख्यतः वाहून नेण्याचे काम केले, असे त्यात दिसून आले.

हे प्रयोग लहान डब्यांत आणि हलक्या जमिनीत झाले आहेत. आपल्या भारी काळ्या जमिनीत चिकणमाती जास्त, भेगा पडतात, आणि चिकणमातीच्या कणांतही बांधलेला हायड्रोजन असतो. म्हणून या निष्कर्षांवरून पाण्याच्या पाळ्या लगेच बदलाव्यात, अशी शिफारस करता येणार नाही.

माझा एक अनुभव

शेतातील ओलावा मोजण्यासाठीही न्यूट्रॉन वापरतात. १९५० च्या दशकात ही पद्धत पुढे आली आणि कृषी संशोधनात रुळली. जमिनीत ॲल्युमिनियमची नळी उभी पुरून तिच्यात न्यूट्रॉन प्रोब सोडतात. त्यातून वेगवान न्यूट्रॉन बाहेर पडतात आणि ओलाव्यामुळे मंद होऊन परत आलेले मोजले जातात. हे उपकरण किरणोत्सर्गी असल्याने ते प्रशिक्षित व्यक्तीनेच, परवान्यासह हाताळायचे असते.

पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मी उन्हाळी भुईमुगात अशा नळ्या पुरल्या होत्या. एका नळीचे आकडे प्रत्येक पाण्यानंतर इतरांपेक्षा बरेच जास्त येत. मी दर खोलीवर चार-चार वेळा मोजले. चारही वेळा आकडा जवळजवळ तोच आला, म्हणून तो बरोबरच असणार असे धरून चाललो. हंगाम संपल्यावर नळी उपटली तेव्हा तिच्या कडेने बोटभर पोकळी दिसली. भोक पाडताना ते मोठे झाले होते आणि पाणी दिले की पोकळीत पाणी उभे राहत होते. हंगामभर मी माती नव्हे, ते पाणी मोजले. त्या वाफ्याचे सर्व आकडे सोडून द्यावे लागले. शेजारी गिरमिटाने मातीचे दोन नमुने काढून भट्टीत वाळवले असते, तर पहिल्याच आठवड्यात चूक कळली असती.

आपल्या शेतावर काय करावे?

न्यूट्रॉन शलाका आपल्या बांधावर येणार नाही. पण तिच्या अचूकतेचे नियम आपल्या साध्या साधनांनाही लागू पडतात.

१) मातीचा नमुना : नमुना डब्यात घेताना रिकाम्या डब्याचे वजन आधी करावे. माती १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवावी. ओली माती १२५ ग्रॅम आणि वाळल्यावर १०० ग्रॅम भरली, तर वजनाने ओलावा २५ टक्के.

२) घनता आपल्या जमिनीची घ्यावी : आकारमानाने ओलावा काढण्यासाठी वरील आकड्याला मातीच्या स्थूल घनतेने गुणावे. घनता १.२ असेल तर ३० टक्के, १.४ धरली तर ३५ टक्के. पुस्तकातला आकडा उचलला तर ही ५ टक्क्यांची चूक दर वेळी होणार आणि कितीही नमुने घेतले तरी ती जाणार नाही.

३) नमुन्यांची संख्या : एका जागेच्या नमुन्यावर विसंबू नये. चारपट नमुन्यांनी चढउताराची चूक निम्मी होते. नमुने दोन सरींतून, चढावरून आणि उतारावरून घ्यावेत.

४) टेन्शिओमीटर : तबकडी वर आणि मातीचा कप खाली असतो. मधल्या पाण्याच्या स्तंभामुळे तबकडी दर १० सें.मी. उंचीला सुमारे १ सेंटिबार जास्त दाखवते. तबकडीपासून कपापर्यंत ५० सें.मी. अंतर असेल आणि आकडा ३५ दिसला, तर मातीचा खरा ताण ३० आहे. हे ५ सेंटिबार वजा केले नाहीत तर पाणी लवकर दिले जाते. नळीत हवेचा बुडबुडा नाही ना, कपाभोवती माती घट्ट बसली आहे ना, हेही पाहावे.

५) विद्युत ओलावामापक : असे उपकरण घेतल्यास त्याच्या आकड्यावर थेट विसंबू नये. आपल्याच शेतातील कोरड्या, मध्यम आणि ओल्या अशा तीन अवस्थांत भट्टीत वाळवलेल्या नमुन्यांशी ते ताडून पाहावे. जमीन बदलली की ही तपासणी पुन्हा करावी.

थोडक्यात, आकडा पुन्हा पुन्हा तोच आला म्हणजे तो खरा, असे नाही. त्यात मातीखेरीज आणखी कशाची नोंद मिसळली आहे, हे शोधून ती वजा करावी आणि दुसऱ्या, स्वतंत्र पद्धतीने निदान एकदा पडताळा घ्यावा. येत्या हंगामात पाण्याच्या पहिल्या पाळीपूर्वी आपल्या एका शेताची स्थूल घनता काढून घ्या. ती एकदा नीट काढून वहीत लिहून ठेवली, तर पुढच्या प्रत्येक मोजणीला तिचा उपयोग होईल.